एका शाळामास्तराची पाठचिकित्सा

ज्या ग्रंथावर एखाद्या समाजाची श्रद्धा जडलेली असते, त्या ग्रंथाच्या शब्दांविषयी प्रश्न विचारणे हा श्रद्धेचा द्रोह होय, असे मानणाऱ्यांची संख्या कोणत्याही काळात थोडी नसते. उलट, असा एखादा प्रश्न उपस्थित होताच त्या ग्रंथाचा पायाच उखडला गेला, अशी घाईघाईने ग्वाही देणारेही प्रत्येक पिढीत निघतात. हे दोन्ही पक्ष परस्परांचे कट्टर वैरी असले, तरी एका बाबतीत त्यांचे संपूर्ण एकमत असते. ग्रंथ पूज्य मानणे आणि त्याचे अक्षर न् अक्षर तपासून घेणे या दोन गोष्टी एकाच माणसाच्या ठायी नांदू शकत नाहीत, असे दोघेही गृहीत धरतात. अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात, दक्षिण जर्मनीतील एका आडवळणाच्या शाळेत अठ्ठावीस वर्षे मुलांना लॅटिन आणि ग्रीक शिकविणाऱ्या एका शिक्षकाने हे गृहीत आपल्या आयुष्याने खोटे ठरविले. त्याचे नाव योहान आल्ब्रेख्ट बेंगेल. बायबलच्या नव्या कराराची ग्रीक संहिता शास्त्रशुद्ध पद्धतीने तपासणाऱ्या पहिल्या पंडितांत त्याची गणना होते. परंतु त्याचे चरित्र केवळ पंडितांच्या कुतूहलाचा विषय नाही. आपल्याला एखादी गोष्ट ठाऊक आहे असे आपण म्हणतो, तेव्हा ती किती प्रमाणात ठाऊक आहे, हे प्रामाणिकपणे सांगण्याची शिस्त त्याने घालून दिली, आणि ती शिस्त सर्वांच्याच कामाची आहे.

बेंगेलचा जन्म २४ जून १६८७ रोजी वुर्टेंबर्ग संस्थानातील विनेंडेन या लहानशा गावी झाला. वडील तेथे धर्मोपदेशक होते. मुलाचे पहिले गुरूही तेच. परंतु हे सुख त्याच्या वाट्याला फार काळ आले नाही. १६९३ साली वडील साथीच्या रोगाने वारले आणि त्याच वर्षी चौदाव्या लुईच्या फ्रेंच फौजांनी विनेंडेन गाव जाळले. त्या आगीत बेंगेलचे घर गेले आणि वडिलांचा ग्रंथसंग्रहही गेला. सहा वर्षांच्या मुलाला डोक्यावरचे छत्र आणि छप्पर ही दोन्ही एकाच वर्षी गमवावी लागली. डाव्हिड वेंडेलिन श्पिंडलर नावाच्या एका शिक्षकाने त्याला आपल्या घरी ठेवून घेतले आणि त्याच्या शिक्षणाची जबाबदारी उचलली. श्पिंडलरची जेथे जेथे बदली झाली, तेथे तेथे हा मुलगाही गेला. शेवटी तो स्टुटगार्टच्या विद्यालयात दाखल झाला. पुढे बेंगेलने स्वतः शिक्षकी पेशा पत्करला आणि वरच्या जागांचा मोह न धरता तो दीर्घकाळ निभावला, त्याचे बीज कदाचित या ऋणात असावे.

१७०३ साली तो ट्यूबिंगेनच्या विद्यापीठात गेला. ॲरिस्टॉटल आणि स्पिनोझा यांचा त्याने कसून अभ्यास केला. त्याच्या मनावर मोठा आघात झाला तो मात्र तत्त्वज्ञानाच्या वर्गात नव्हे. ऑक्सफर्डच्या जॉन फेलने १६७५ साली ग्रीक नव्या कराराची एक आवृत्ती काढली होती. तिच्या पानांच्या तळाशी निरनिराळ्या हस्तलिखितांतील पाठभेद नोंदविलेले होते. ही आवृत्ती बेंगेलच्या हाती आली. ज्या ग्रंथाचा शब्द न् शब्द ईश्वराच्या प्रेरणेने उतरला अशी घरातून मिळालेली शिकवण, त्याच ग्रंथाच्या तळटीपांत एका पोथीत एक शब्द आणि दुसरीत दुसराच शब्द असावा, हे पाहून तो विद्यार्थी अस्वस्थ झाला. मग खरा शब्द कोणता? आणि तोच नक्की नसेल, तर श्रद्धा कशावर ठेवावयाची?

हे पाठभेद आले कोठून, हे समजून घेण्यास आपल्याकडील वाचकाला फारसे सायास पडणार नाहीत. छापखाने येण्यापूर्वी ग्रंथ टिकत ते हातांनी केलेल्या नकलांमुळे. नकलनविसाचा डोळा एका ओळीवरून दुसऱ्या ओळीवर घसरतो, सारख्या ध्वनीचा शब्द चुकीचा उतरतो, समासातली एखाद्या वाचकाची टीप पुढच्या नकलेत मूळ मजकुरात जाऊन बसते. कधी नक्कल करणारा अधिक हुशार असतो आणि मूळ लेखकाची चूक झाली असावी, अशा समजुतीने ती सुधारून टाकतो. हे सारे बायबलच्या बाबतीतही चौदाशे वर्षे घडत आले होते. छापखान्याने ही अव्यवस्था थांबविली, पण तिच्यातील एक टप्पा कायमचा गोठवूनही टाकला. १५१६ साली बाझल येथे एरॅस्मसने ग्रीक नवा करार प्रथम छापून प्रसिद्ध केला, तो हाताशी असलेल्या मोजक्या आणि बऱ्याच उत्तरकालीन पोथ्यांच्या आधारे, आणि तोही विलक्षण घाईने. प्रकटीकरण या शेवटच्या पुस्तकाची त्याच्याकडे एकच पोथी होती आणि तिचे अखेरचे पान गहाळ झालेले होते. एरॅस्मसने ती अखेरची वचने लॅटिनवरून पुन्हा ग्रीकमध्ये उलथून भरून काढली. पुढील आवृत्त्या थोड्याफार फरकाने याच आवृत्तीवरून निघत गेल्या. १६३३ साली हॉलंडमधील एल्झेव्हिर या प्रकाशन-घराण्याने आपल्या आवृत्तीच्या प्रास्ताविकात हा मजकूर सर्वमान्य असल्याचे जाहीर केले. व्यापाऱ्याच्या या जाहिरातीला हळूहळू सिद्धांताचे मोल आले. जो पाठ योगायोगाने छापला गेला होता, तोच पवित्र मानला जाऊ लागला.

बेंगेल विद्यार्थिदशेतून बाहेर पडत असतानाच, १७०७ साली, ऑक्सफर्डच्या जॉन मिलने तीस वर्षांच्या परिश्रमांनंतर आपली आवृत्ती प्रसिद्ध केली. तीत सुमारे ३०,००० पाठभेद नोंदविलेले होते. ग्रंथ बाहेर पडल्यावर दोन आठवड्यांतच मिल मरण पावला, त्यामुळे त्यावर उठलेले वादळ पाहण्याची वेळ त्याच्यावर आली नाही. १७१० साली डॅनियल व्हिटबी या धर्मशास्त्र्याने, मिलने धर्माचा आधारच डळमळीत केला, अशी तक्रार केली. १७१३ साली अँथनी कॉलिन्स या स्वतंत्र विचाराच्या लेखकाने व्हिटबीचीच तक्रार उचलली आणि एवढा अनिश्चित ग्रंथ प्रमाण कसा मानावा, असा सवाल केला. कर्मठ आणि पाखंडी यांचे एकमत होते ते असे. रिचर्ड बेंटली या इंग्रज पंडिताने त्यावर दिलेले उत्तर साधे पण मार्मिक होते. मिलने पाठभेद निर्माण केले नव्हते, ते पोथ्यांत होतेच. ज्या ग्रंथाची एकच प्रत उरते त्यात पाठभेद दिसत नाहीत हे खरे, पण त्यातील चुका दुरुस्त करण्याचे साधनही उरत नाही. प्रती जितक्या अधिक, तितके भेद अधिक आणि तितकाच मूळ पाठ सापडण्याचा संभवही अधिक.

बेंगेलने या वादात उडी घेतली नाही. मनातील शंका त्याने लपविली नाही, तशी ती चारचौघांत मिरविलीही नाही. ज्या कामाने तिचे निरसन होईल ते काम स्वतः करावयाचे, एवढेच त्याने ठरविले. १७१३ साली जर्मनीतील अनेक शाळा पाहण्यासाठी तो प्रवासाला निघाला. हाले येथील फ्रांकेच्या प्रसिद्ध संस्था त्याने पाहिल्या, आणि स्वतः प्रॉटेस्टंट असूनही जेझुइटांच्या शाळांतील अध्यापनपद्धती तितक्याच बारकाईने न्याहाळली. त्याच वर्षाच्या अखेरीस डेंकेनडॉर्फ येथील जुन्या मठात नव्याने सुरू झालेल्या शाळेत तो शिक्षक म्हणून रुजू झाला. पुढे विद्यापीठात जाऊन धर्मोपदेशक होणार असलेली चौदा-पंधरा वर्षांची मुले तेथे शिकावयास येत. पहिल्याच भाषणात त्याने धर्मनिष्ठा हाच खऱ्या विद्वत्तेचा भरवशाचा मार्ग आहे, असे प्रतिपादन केले. हे वाक्य दुसऱ्या कोणाच्या तोंडी आले असते, तर त्याचा अर्थ अभ्यासापेक्षा प्रार्थना बरी, असा झाला असता. बेंगेलच्या लेखी त्याचा अर्थ उलट होता. ज्याला ग्रंथ खरोखरच पवित्र वाटतो, त्याला त्यातील एक अक्षरही आळसाने वाचण्याची मुभा नाही.

येथे तो १७४१ पर्यंत राहिला. १७१४ साली योहाना रेगिना सेगर हिच्याशी त्याचा विवाह झाला. त्यांना बारा अपत्ये झाली, पण त्यांतील सहा लहानपणीच दगावली. तुटपुंज्या वेतनाच्या, आजारपणाच्या आणि दिवसभराच्या तासिकांच्या या संसारात त्याने जे लिहिले, त्याची सुरुवातही वर्गातील गरजेतूनच झाली. १७१९ साली त्याने सिसेरोची पत्रे विद्यार्थ्यांसाठी संपादित केली. १७२५ साली ख्रिसोस्तमच्या एका ग्रीक ग्रंथाची आवृत्ती काढली आणि तिलाच जोडून नव्या कराराच्या नियोजित आवृत्तीचा आराखडा प्रसिद्ध केला. अभिजात लेखकांच्या पोथ्या तपासताना कमावलेली नजर आता त्याला धर्मग्रंथाकडे वळवावयाची होती. दूरदूरच्या ग्रंथालयांत जाऊन बसण्याइतका पैसा वा रजा या शाळामास्तराजवळ नव्हती. त्याने पत्रव्यवहार केला, मित्रांना विनंत्या केल्या, आउग्सबुर्गसारख्या ठिकाणच्या पोथ्यांतील पाठ मिळविले आणि मिलच्या नोंदी पुन्हा पुन्हा चाळून त्यांचे वजन करावयास आरंभ केला.

हे ‘वजन करणे’ हाच बेंगेलच्या पद्धतीचा गाभा होय. एका वाक्याचा एक पाठ नव्वद पोथ्यांत आणि दुसरा दहांत आढळला, तर बहुमताने निर्णय करावा, हे सामान्य बुद्धीला पटणारे वाटते. बेंगेलने ते नाकारले. त्या नव्वद पोथ्या जर एकाच सदोष पोथीच्या नकला असतील, तर ती नव्वद साक्षीदारांची साक्ष होत नाही, एकाच साक्षीदाराचे बोलणे आपण नव्वद वेळा ऐकलेले असते. म्हणून पोथ्या मोजण्यापूर्वी त्यांचे गोत्र पाहिले पाहिजे. कोणत्या पोथ्या एकसारख्या चुका करतात हे पाहून त्याने त्यांचे दोन मोठे समूह कल्पिले. एकाला त्याने आफ्रिकी म्हटले. त्यात संख्येने थोड्या पण प्राचीन साक्षी होत्या. दुसऱ्याला आशियाई म्हटले. कॉन्स्टँटिनोपल आणि त्याच्या आसपासच्या प्रदेशात पुढील काळात झालेल्या बहुसंख्य नकला त्यात मोडत. या समूहांची नावे पुढे बदलली, संख्या वाढली, मर्यादा नव्याने आखल्या गेल्या. परंतु पोथ्यांची कुळे लावल्यावाचून पाठाचा निर्णय करता येत नाही, हे तत्त्व तेव्हापासून कायम राहिले.

दुसरे तत्त्व याहूनही प्रसिद्ध आहे. दोन पाठांपैकी एक सोपा आणि एक अवघड असेल, तर सामान्यतः अवघड पाठ मूळचा समजावा. त्याच्या आधीही काही पंडितांना ही कल्पना सुचली होती, पण नियम म्हणून ती रूढ झाली ती बेंगेलमुळे. प्रथमदर्शनी हा नियम विचित्र वाटतो. पण नक्कल करणाऱ्याच्या स्वभावाचा विचार केला म्हणजे त्यातील शहाणपण पटते. खडबडीत वाक्य गुळगुळीत करण्याकडे, दुर्बोध शब्दाच्या जागी परिचित शब्द घालण्याकडे, कठोर आज्ञा सौम्य करण्याकडे माणसाच्या हाताची ओढ असते. सोपे अवघड करण्याची दगदग सहसा कोणी करीत नाही. मत्तयाच्या शुभवर्तमानातील डोंगरावरील प्रवचनात आपल्या भावावर रागावणारा मनुष्य न्यायास पात्र ठरतो, असे सांगितले आहे. बहुसंख्य पोथ्यांत तेथे ‘विनाकारण’ या अर्थाचा एक शब्द अधिक आहे. त्या एका शब्दाने आज्ञेची सारी धार जाते, कारण विनाकारण रागावतो असे स्वतःविषयी कोणता मनुष्य मान्य करील? काही अतिप्राचीन साक्षींत हा शब्द नाही, आणि आजच्या चिकित्सक आवृत्त्यांनीही तो गाळलेला आहे. कोणा सहृदय लेखनिकाने माणसाच्या दुर्बलतेला दिलेली ती सवलत होती.

१७३४ साली ट्यूबिंगेन येथून बेंगेलचा ग्रीक नवा करार प्रसिद्ध झाला. मुख्य मजकुराच्या बाबतीत त्याने कमालीचा संयम पाळला होता. प्रकटीकरणाचा अपवाद सोडल्यास, पूर्वीच्या कोणत्या ना कोणत्या छापील आवृत्तीत आलेला नाही असा एकही पाठ त्याने मजकुरात घातला नाही. त्याचे खरे धाडस समासात होते. महत्त्वाच्या पाठभेदांपुढे त्याने ग्रीक वर्णमालेतील पहिल्या पाच अक्षरांपैकी एकेक अक्षर छापले. पहिल्या अक्षराचा अर्थ, हा पाठ निःसंशय मूळचा आहे. दुसऱ्याचा, तो मजकुरातील पाठाहून सरस आहे, पण पूर्ण निश्चित नाही. तिसऱ्याचा, दोन्ही पाठ तुल्यबळ आहेत. चौथ्याचा, तो काहीसा हिणकस आहे. पाचव्याचा, तो त्याज्य आहे. म्हणजे जो मजकूर वर छापला आहे त्याहून खालचा पाठ श्रेष्ठ आहे, हे संपादक स्वतःच वाचकाला सांगत होता, आणि आपली खात्री किती, तेही सांगत होता.

या योजनेचे महत्त्व आज चटकन लक्षात येत नाही. तोपर्यंत ग्रंथाविषयी दोनच भाषा प्रचलित होत्या, एक निश्चितीची आणि दुसरी नास्तिकाची. खात्री आणि अज्ञान यांच्या मध्ये अनेक पायऱ्या असतात आणि प्रामाणिक अभ्यासकाने आपण कोणत्या पायरीवर उभे आहोत ते सांगितले पाहिजे, ही तिसरी भाषा बेंगेलने धर्मग्रंथाच्या समासात आणली. आणि हे सारे केल्यावर त्याला जे आढळले, त्याने त्याच्या विद्यार्थिदशेतील अस्वस्थतेचे उत्तर मिळाले. भेद सहस्रावधी होते, पण बहुतेक वर्णलेखनाचे, शब्दक्रमाचे वा क्षुल्लक होते. ख्रिस्ती धर्माचे एकही मूलतत्त्व केवळ एखाद्या संशयित पाठावर अवलंबून नाही, या निष्कर्षावर तो आला. हा निष्कर्ष त्याने प्रथम गृहीत धरला नव्हता. तो त्याने मेहनतीने मिळविला होता.

समकालीनांनी त्याचे कौतुक केले असे नाही. कर्मठांनी त्याच्यावर, पवित्र शब्दांना गुण देणारा उद्धट मास्तर, अशा भावनेने हल्ला चढविला. उलट बाझलच्या योहान याकोब वेटश्टाइन या थोर पण तिखट स्वभावाच्या संशोधकाने पोथ्यांची कुळे लावण्याची त्याची कल्पनाच अमान्य केली. बेंगेलला आपल्या बचावासाठी स्वतंत्र पुस्तिका लिहाव्या लागल्या. त्यांत त्याने आवाज चढविला नाही आणि समासातील अक्षरेही मागे घेतली नाहीत.

तथापि त्याला दोषमुक्त ठरविण्याचे कारण नाही. योहानाच्या पहिल्या पत्रात त्रैक्याचा उल्लेख करणारे एक वाक्य आहे. एरॅस्मसने आपल्या पहिल्या दोन आवृत्त्यांत ते घेतले नव्हते आणि १५२२ च्या तिसऱ्या आवृत्तीत ते आले. ग्रीक पोथ्यांचा या वाक्याला जवळजवळ आधार नाही, हे बेंगेलला पुरते ठाऊक होते. तरीही जुन्या लॅटिन लेखकांच्या साक्षीवर भिस्त ठेवून त्याने ते मूळचेच मानले. आजचे संशोधक ते प्रक्षिप्त समजतात. जेथे त्याच्या अंतःकरणाला वाक्य सोडवेना, तेथे त्याच्या तराजूचे पारडे किंचित कलले.

१७४२ साली त्याचा दुसरा मोठा ग्रंथ बाहेर पडला. नव्या करारावरील या भाष्याला त्याने ‘ग्नोमोन’ असे नाव दिले. आपल्या ज्योतिर्विदांच्या भाषेत ज्याला शंकू म्हणतात, तो सूर्यघड्याळाचा काटा, असा त्या ग्रीक शब्दाचा अर्थ. काटा स्वतः प्रकाश देत नाही, केवळ वेळ दाखवितो. तसे भाष्यकाराने आपले काही न घालता मूळ शब्दाकडे बोट दाखवावे, एवढीच त्याची अपेक्षा होती. वीस वर्षे वर्गात मुलांना शिकविताना केलेल्या टिपणांतून हा ग्रंथ उभा राहिला. लॅटिनमधील त्याची भाष्ये इतकी आटोपशीर आहेत की कित्येकदा एका शब्दावर एकच ओळ असते. इंग्लंडमध्ये मेथडिस्ट पंथाचा संस्थापक जॉन वेस्ली याने १७५५ साली नव्या करारावर टिपा प्रसिद्ध केल्या, त्या मुख्यतः याच ग्रंथाच्या आधारावर.

परंतु बेंगेलच्या चरित्रातील सर्वांत बोधप्रद प्रकरण त्याच्या यशाचे नाही, अपयशाचे आहे. प्रकटीकरणाच्या संहितेवर त्याने जेवढे काटेकोर काम केले, तेवढे तोपर्यंत क्वचितच कोणी केले होते. त्याच पुस्तकातील गूढ आकड्यांवरून जगाच्या इतिहासाचे वेळापत्रक मांडण्याचा मोह मात्र त्याला आवरला नाही. ६६६ हा प्रसिद्ध आकडा वर्षांचा मानून, तो ४२ महिन्यांशी ताडून, भविष्यवाणीतील एक महिना म्हणजे पंधरा पूर्णांक सहा-सप्तमांश वर्षे, असे प्रमाण त्याने काढले. त्या हिशेबाने पृथ्वीवरील एका महान पर्वाला १८ जून १८३६ रोजी आरंभ होणार, असे त्याने ठरविले. १७४० साली प्रसिद्ध केलेल्या प्रकटीकरणाच्या विवरणात हा हिशेब आला. गंमत अशी की ज्या ६६६ वर ही इमारत उभी होती, त्याचाही ६१६ असा पाठभेद दुसऱ्या शतकापासून ज्ञात आहे. शब्दांपुढे खात्रीची अक्षरे लिहिणाऱ्या या माणसाने आपल्या गणितापुढे मात्र तसे अक्षर लिहिले नाही.

तरीही त्याच्या प्रामाणिकपणाची जात येथेही दिसते. १८३६ हे वर्ष काही लक्षणीय बदल न घडता गेले, तर आपल्या पद्धतीत मूलभूत चूक आहे असे समजून ती शोधावी, असे त्याने स्वतःच लिहून ठेवले होते. आपले मत खोटे कसे ठरेल हे सांगून ठेवणारे भविष्यवादी जगात फार थोडे. पण अनुयायांना गुरूचा आकडा लक्षात राहतो, गुरूने घातलेली अट लक्षात राहत नाही. १८१६ च्या दुष्काळानंतर, १८१७ साली, वुर्टेंबर्गमधील शेकडो कुटुंबे डॅन्यूबच्या मार्गाने रशियाच्या साम्राज्यात आणि पुढे कॉकेशसकडे निघाली. उपासमार आणि राज्यकारभाराविषयीचा असंतोष ही कारणे होतीच. पण येणाऱ्या संकटकाळात पूर्वेकडे आश्रयस्थान मिळेल, ही बेंगेलच्या गणितावर पोसलेली आशाही त्यांत होती. वाटेत रोगराईने अनेकांचा बळी घेतला. उरलेल्यांनी तिफ्लिसच्या परिसरात वसाहती केल्या. १८३६ हे वर्ष आले आणि इतर वर्षांसारखेच निघून गेले.

१७४१ साली बेंगेलने डेंकेनडॉर्फ सोडले आणि हेर्ब्रेख्टिंगेन येथे धर्माधिकारी म्हणून तो गेला. १७४९ साली त्याला आल्पिर्सबाखचे प्रमुखपद आणि स्टुटगार्टच्या धर्ममंडळात जागा मिळाली. १७५१ मध्ये ट्यूबिंगेनने त्याला पंडिताची पदवी देऊन गौरविले. ज्या कामासाठी ही पदवी मिळाली ते काम त्याने पदवीवाचून, एका शाळेच्या आवारात, पूर्वीच पुरे केले होते. २ नोव्हेंबर १७५२ रोजी स्टुटगार्ट येथे तो मरण पावला. नव्या कराराचे त्याने केलेले जर्मन भाषांतर पुढील वर्षी प्रसिद्ध झाले.

मृत्यूनंतर त्याची पद्धत त्याच्या गणितापेक्षा अधिक टिकली. ग्रीसबाखने १७७० नंतरच्या दशकात पोथ्यांच्या कुळांची कल्पना पुढे नेली. १८३१ साली लाखमानने रूढ छापील पाठ पूर्णपणे बाजूला ठेवून केवळ प्राचीन साक्षींवर संहिता उभारली. बेंगेलने जे समासात सुचविले होते ते आता मजकुरात आले. १९६६ साली संयुक्त बायबल सोसायट्यांनी ग्रीक नव्या कराराची जी आवृत्ती काढली, तीत संपादकांनी आपल्या खात्रीचे मान दाखविण्यासाठी प्रत्येक महत्त्वाच्या पाठापुढे एकेक अक्षर छापले. डेंकेनडॉर्फच्या मास्तराची युक्ती सव्वादोनशे वर्षांनंतर पुन्हा उपयोगी पडली.

त्याच १९६६ साली पुण्यात आणखी एक काम पुरे झाले. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ साली हाती घेतलेली महाभारताची चिकित्सक आवृत्ती त्या वर्षी सिद्धीस गेली. बेंगेलच्या जन्मानंतर बरोबर दोनशे वर्षांनी, १८८७ साली जन्मलेले विष्णु सीताराम सुकथनकर बर्लिनमध्ये ल्यूडर्सच्या हाताखाली शिकून आले होते. १९२५ पासून १९४३ मध्ये निधन होईपर्यंत ते या आवृत्तीचे मुख्य संपादक होते. पोथ्यांची उत्तरेकडील आणि दक्षिणेकडील कुळे लावणे, संख्येपेक्षा साक्षीच्या स्वतंत्रतेला मान देणे, अवघड पाठाला झुकते माप देणे ही तत्त्वे त्यांनी आदिपर्वाच्या १९३३ च्या प्रस्तावनेत महाभारताच्या निराळ्या परिस्थितीला अनुसरून मांडली. जेथे पाठ पूर्ण निश्चित नाही, तेथे शब्दाखाली नागमोडी रेघ छापली. ती रेघ आणि बेंगेलची ती अक्षरे यांची भाषा एकच आहे. आम्हाला एवढे कळले, याहून अधिक नाही, असे दोन्ही सांगतात. महाभारतावर ज्यांची श्रद्धा आहे, त्यांची श्रद्धा या रेघेने उणावली नाही.

बेंगेलचे चरित्र आज वाचावे ते या कारणासाठी. संतांच्या नावावर कोणीतरी जोडलेले वचन आज क्षणार्धात लक्षावधी लोकांपर्यंत पोहोचते, आणि ते इतक्या जणांनी पाठविले म्हणजे खरेच असणार, असे मानले जाते. अशा वेळी नव्वद नकलांचा साक्षीदार एकच असू शकतो, ही जुनी ताकीद आठवणे बरे. जे वाक्य आपल्याला फार सोयीचे वाटते, त्याच्याकडेच अधिक संशयाने पाहावे, हा अवघड पाठाचा नियमही पोथ्यांबाहेर तितकाच लागू पडतो. वर्गात उत्तर ठाऊक नसता ठाऊक असल्याचा आव आणणाऱ्या शिक्षकाला, टिपणीवर ‘निश्चित’ असा शेरा मारणाऱ्या कारकुनाला आणि पाठ्यपुस्तकातील वाक्य तेवढे खरे मानणाऱ्या विद्यार्थ्याला या मास्तराजवळून काही घेण्याजोगे आहे. आणि बेंगेल जेथे चुकला तेथूनही घेण्याजोगे आहे. दुसऱ्याच्या शब्दांपुढे संशयाचे अक्षर लिहिणे तुलनेने सोपे असते. आपल्या स्वतःच्या लाडक्या हिशेबापुढे ते लिहिणे त्यालाही साधले नाही.